थायरॉइडच्या अँटिबॉडी चाचण्या: चिठ्ठी हातात आल्यापासून रिपोर्ट फाइलला लागेपर्यंत

टीएसएच (थायरॉइडला कामाला लावणारा हार्मोन) थोडा वर आला, डॉक्टरांनी चिठ्ठीवर खाली ‘अँटी-टीपीओ’ अशी आणखी एक ओळ लिहिली, आणि दवाखान्याच्या पायऱ्या उतरेपर्यंत मोबाइलवर शोधून शोधून डोकं भणाणलं. लॅबच्या काउंटरवर आमच्यासमोर उभे राहणाऱ्यांपैकी बरेच जण याच अवस्थेत असतात. त्यांना जे तोंडी सांगते तेच इथे सविस्तर लिहिते आहे.

एक गोष्ट आधीच सांगून टाकते. ही चाचणी थायरॉइड किती काम करतेय हे सांगत नाही. ती का बिघडली, किंवा पुढे बिघडण्याची शक्यता किती, एवढंच सांगते. ‘किती’चं उत्तर टीएसएच आणि फ्री टी-४ (थायरॉइडचा रक्तात मोकळा फिरणारा हार्मोन) देतात, गोळीचा डोसही त्यांच्यावरच ठरतो. हा फरक पक्का असेल तर अर्धी काळजी आणि बरेचसे पैसे वाचतात.

पायरी १: चिठ्ठीवर नेमकी कोणती अँटिबॉडी लिहिली आहे ते बघा

नेहमी लिहिल्या जाणाऱ्या तीन.

सगळ्यांत जास्त लिहिली जाते ती अँटी-टीपीओ. टीपीओ म्हणजे थायरॉइड पेरॉक्सिडेज, ग्रंथीतलं एक एन्झाइम. अन्नातून, मुख्यतः मिठातून आलेलं आयोडीन थायरॉइड हार्मोनमध्ये जोडण्याचं काम ते करतं. शरीराची प्रतिकारशक्ती या एन्झाइमलाच परकं समजू लागली की त्याच्याविरुद्ध अँटिबॉडी, म्हणजे त्याला चिकटणारी प्रथिनं, तयार होतात. हाशिमोटो थायरॉयडायटिस (प्रतिकारशक्तीच थायरॉइडवर उलटून तिला मंदावते तो आजार) असलेल्या दहांपैकी नऊ जणांच्या रक्तात ही सापडते.

दुसरी अँटी-टीजी, म्हणजे थायरॉइडमध्येच बनणाऱ्या थायरोग्लोब्युलिन या प्रथिनाविरुद्धची. हाशिमोटोमध्ये ती पहिलीपेक्षा कमी जणांत सापडते. शिवाय अँटी-टीपीओ केल्यावर ती वेगळी करून फारसं काही नवं कळत नाही. तिचं खरं महत्त्व थायरॉइडच्या कॅन्सरवर शस्त्रक्रिया झालेल्यांना. कॅन्सर परतला का हे कळावं म्हणून त्यांच्या रक्तातलं थायरोग्लोब्युलिन दर काही महिन्यांनी मोजतात, आणि अँटी-टीजी असेल तर तो आकडा खोटा कमी दिसू शकतो. म्हणून तिथे या दोन चाचण्या जोडीनेच करायच्या असतात.

तिसरी टीएसएच रिसेप्टर अँटिबॉडी, रिपोर्टवर टीआरएबी. ही वेगळ्याच जातीची आहे. पहिल्या दोन मुख्यतः बिघाडाची खूण असतात, ही मात्र स्वतःच बिघाड घडवते. टीएसएच ज्या ठिकाणी चिकटायचा तिथे ही जाऊन चिकटते आणि ग्रंथीला न थांबता हार्मोन बनवायला लावते. तोच ग्रेव्हज आजार: वजन उतरणं, धडधड, हाताला कंप, काहींचे डोळे पुढे येणं.

जुन्या फाइलमध्ये ‘अँटी-मायक्रोसोमल अँटिबॉडी’ किंवा ‘एएमए’ लिहिलेलं असेल तर नवी चाचणी करायला धावू नका. ती बहुतेक हीच, अँटी-टीपीओ. झालं असं की १९१२ मध्ये हाकारू हाशिमोटो या जपानी सर्जनने चार स्त्रियांच्या थायरॉइडच्या गाठींचं वर्णन एका जर्मन नियतकालिकात छापलं. त्या ऊतीत लिम्फोसाइट, म्हणजे प्रतिकारशक्तीच्या पेशींची नुसती गर्दी होती. पण ही गर्दी कशासाठी, हे कळायला १९५६ साल उजाडलं. त्या वर्षी लंडनमध्ये रॉइट, डोनियाक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी अशा रुग्णांच्या रक्तात थायरोग्लोब्युलिनविरुद्ध अँटिबॉडी असल्याचं दाखवलं. पुढे ‘मायक्रोसोम’ नावाच्या पेशीतल्या अंशाविरुद्धची दुसरी अँटिबॉडी सापडली. तो अंश म्हणजे थायरॉइड पेरॉक्सिडेजच, हे १९८५ च्या सुमारास स्पष्ट झालं. नाव बदललं, पण काही लॅबच्या यादीत जुनं नाव अजून नांदतंय. ‘एएमए’ नावाची यकृताच्या आजाराची एक अगदी निराळी चाचणीही असते, त्यामुळे काउंटरवर सांगताना ‘थायरॉइडची’ हा शब्द सोडू नका.

पायरी २: चाचणीची गरज आहे का, हे डॉक्टरांना विचारा

विचारायला संकोच करू नका. ‘या रिपोर्टने माझ्या उपचारात काय बदलेल?’ एवढं विचारलं तरी पुरतं.

उत्तर ‘बदलेल’ असं येण्याचे प्रसंग ठरलेले आहेत. टीएसएच किंचित वाढलेला, समजा ५ ते १० च्या मध्ये, आणि फ्री टी-४ मात्र नॉर्मल. अशा वेळी अँटिबॉडी असतील तर पुढे ग्रंथी मंदावत जाण्याची शक्यता जास्त, म्हणून डॉक्टर लक्ष ठेवतात किंवा लवकर गोळी सुरू करतात. गळ्यावर सूज आहे आणि कारण कळत नाही. गरोदरपण आहे किंवा मूल व्हावं म्हणून प्रयत्न चालू आहेत. बाळंतपणानंतर काही महिन्यांत टीएसएच वरखाली झालाय. लिथियम किंवा अमियोडॅरोन ही औषधं सुरू करायची आहेत, कारण अँटिबॉडी असलेल्यांना या औषधांनी थायरॉइडचा त्रास होण्याची शक्यता जास्त. मुलाला टाइप १ मधुमेहाचं निदान झालंय, कारण स्वयंप्रतिकार आजार (प्रतिकारशक्ती स्वतःच्याच शरीरावर उलटते ते) बरेचदा एकट्यादुकट्याने येत नाहीत.

आणि ‘काही बदलणार नाही’ असं उत्तर कुठे? तुम्ही दहा वर्षं थायरॉक्सिनची (थायरॉइडच्या हार्मोनची) गोळी घेताय, टीएसएच व्यवस्थित आहे, आणि कुणी मैत्रिणीने ‘तू अँटिबॉडी केल्यास का?’ असं विचारलं म्हणून आलाय. पॉझिटिव्ह आली तरी तीच गोळी, निगेटिव्ह आली तरी तीच गोळी. अशांना मी काउंटरवरून परत पाठवलेलं आहे.

टीएसएच नॉर्मल, त्रास काही नाही, आणि हेल्थ पॅकेजमध्ये अँटी-टीपीओ फुकट मिळतेय म्हणून करणाऱ्यांनी तर दोनदा विचार करावा. भारतातल्या आठ ठिकाणी, त्यात मुंबई आणि गोवाही होते, ५,००० हून जास्त प्रौढांची तपासणी झाली आणि तिचे निष्कर्ष २०१३ मध्ये छापून आले. त्यात हायपोथायरॉइड, म्हणजे थायरॉइड मंदावलेले, निघाले सुमारे ११ टक्के, आणि अँटी-टीपीओ पॉझिटिव्ह निघाले सुमारे २२ टक्के. म्हणजे अँटिबॉडी बाळगणारे जवळपास दुप्पट. त्यांतल्या कित्येकांची थायरॉइड ठणठणीत काम करत होती. अशा माणसाच्या हाती लाल अक्षरातला रिपोर्ट दिला की आजार नसताना काळजी मात्र सुरू होते.

पायरी ३: चाचणी कुठे आणि कोणत्या नावाने करायची

‘थायरॉइड प्रोफाइल’ मागितलंत तर बहुतेक लॅबमध्ये टी-३, टी-४, टीएसएच एवढंच मिळेल. अँटिबॉडी त्यात नसतात, त्या वेगळ्या नावाने मागाव्या लागतात. शिवाय प्रोफाइलमधले टी-३, टी-४ बरेचदा ‘टोटल’ असतात. डॉक्टरांनी ‘फ्री’ लिहिलं असेल तर तसं बजावून सांगा. गर्भनिरोधक गोळ्या घेणाऱ्या किंवा गरोदर स्त्रियांमध्ये टोटल टी-४ एरवीही वाढलेला दिसतो, त्यावरून उगाच गैरसमज होतो.

लॅब निवडताना रिपोर्टवर एनएबीएलचं (लॅबना मान्यता देणाऱ्या राष्ट्रीय मंडळाचं) चिन्ह आहे का ते बघा. लॅबला मान्यता असली तरी ती चाचणीगणिक असते, त्यामुळे ‘अँटी-टीपीओ एनएबीएलच्या कक्षेत येते का?’ असं थेट विचारलेलं चांगलं. छोट्या गावातलं कलेक्शन सेंटर नमुना पुण्या-मुंबईला पाठवतं. त्यात काही गैर नाही, फक्त रिपोर्ट कधी येणार ते विचारून घ्या. टीएसएच त्याच दिवशी मिळतो, अँटिबॉडीला एखादा दिवस जास्त लागू शकतो, टीआरएबीला त्याहून जास्त. किमतीचंही तसंच. टीआरएबी अँटी-टीपीओच्या मानाने बरीच महाग पडते, म्हणून ती उगाच ‘सोबत करून टाकू’ म्हणून करायची चाचणी नव्हे.

पायरी ४: दोन दिवस आधीची तयारी, म्हणजे मुख्यतः बायोटिन

उपाशीपोटी यायची गरज नाही. अँटिबॉडी काय किंवा टीएसएच काय, चहा-पोह्यांनी बिघडत नाहीत. सोबत साखर किंवा लिपिड तपासायचं असेल तरच उपास. टीएसएच मात्र रात्री उशिरा आणि पहाटे जास्त असतो, दुपारी उतरतो. म्हणून दर वेळी साधारण एकाच वेळेला, शक्यतो सकाळी रक्त दिलेलं बरं. नाहीतर मागच्या वेळी सकाळी ५.८ आणि या वेळी दुपारी ४.३ असे आकडे बघून ‘काढ्याने उतरला’ असं वाटायचं.

थायरॉक्सिनची गोळी चालू असेल तर त्या सकाळी रक्त देऊन मग घ्या. गोळी घेतल्यावर काही तास फ्री टी-४ वर चढलेला दिसतो. टीएसएचवर एका गोळीने फरक पडत नाही आणि अँटिबॉडीवरही नाही, पण तिन्ही एकाच नळीतून होणार असतात. गोळी डबीत घालून सोबत आणा, म्हणजे विसरणार नाही.

आता बायोटिन, म्हणजे बी गटातलं एक जीवनसत्त्व. केस गळतात म्हणून डॉक्टरांना न विचारता घेतल्या जाणाऱ्या गोळ्या आणि फळांच्या चवीच्या चघळायच्या गोळ्या यांत ते असतं. माणसाला दिवसाला साधारण ३० मायक्रोग्रॅम पुरतं. केसांच्या गोळीत बरेचदा १० मिलिग्रॅम असतं, म्हणजे तीनशे पटींहून जास्त. शरीराला ते सहसा बाधत नाही, बाधतं आमच्या मशीनला. अनेक किट्समध्ये चाचणीचे घटक एकत्र धरून ठेवायला बायोटिन आणि स्ट्रेप्टाव्हिडिन यांची जोडी वापरलेली असते. रक्तातच भरपूर बायोटिन असलं की ते मधे घुसतं. परिणाम असा की टीएसएच खोटा कमी दिसतो, आणि फ्री टी-४, फ्री टी-३, त्याच पद्धतीच्या काही अँटिबॉडी चाचण्या, अगदी टीआरएबीसुद्धा, खोट्या जास्त दिसतात. म्हणजे धडधाकट माणसाच्या रिपोर्टवर हुबेहूब ग्रेव्हज आजार! अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने नोव्हेंबर २०१७ मध्ये यावर जाहीर इशारा दिला. त्यानंतर बऱ्याच कंपन्यांनी किट्स सुधारली, पण तुमच्या लॅबमध्ये कोणतं किट आहे हे तुम्हाला ठाऊक नसतं.

म्हणून बायोटिनची गोळी किमान दोन दिवस आधी बंद करा. काही मज्जासंस्थेच्या आजारांत डॉक्टर १०० मिलिग्रॅमच्या वर बायोटिन देतात. त्यांनी स्वतःहून थांबवू नये, किती दिवस बंद ठेवायचं ते डॉक्टरांना विचारावं. गंमत अशी की केस गळतात म्हणूनच थायरॉइड तपासायला सांगतात, आणि केस गळतात म्हणूनच माणूस बायोटिन खात असतो. ‘कुठली औषधं चालू आहेत?’ असं विचारलं की ‘काही नाही’ म्हणतात, कारण केसांची गोळी त्यांच्या हिशेबी औषध नसतेच.

ताप, इस्पितळात भरती, नुकतंच मोठं ऑपरेशन अशा दिवसांत टीएसएचचा भरवसा धरू नये. अगदीच तातडी नसेल तर बरं झाल्यावर करा.

पायरी ५: रक्त देताना

इथे फार काही नाही. दंडाला पट्टा, मूठ आवळा, एक सुई. तीन-चार मिलिलिटर रक्त पुरतं. नळी पिवळ्या किंवा लाल झाकणाची असते. जांभळ्या झाकणाची नळी हिमोग्लोबिन-पेशींच्या तपासणीची. पिवळ्या नळीच्या तळाशी जेल असतं. रक्त गोठलं की ती मशीनमध्ये गरगर फिरवतात, लाल पेशी खाली बसतात, जेल मधे येतं आणि वर गव्हाळ रंगाचं सीरम उरतं. अँटिबॉडी त्या सीरममध्ये असतात.

तुम्ही फक्त एक काम करा. खुर्चीवरून उठण्याआधी नळीवर चिकटवलेलं लेबल वाचा. नाव, वय, बरोबर आहे ना? घरी येऊन रक्त नेणारा मुलगा एका सकाळी कित्येक घरं करतो. सासू-सुनेचं रक्त एकाच वेळी घेतलं असेल तर लेबल तुमच्यासमोर लावायला सांगा, तो रागावणार नाही.

पायरी ६: रिपोर्ट वाचणं

आधी आकड्याच्या शेजारची संदर्भ मर्यादा बघा, मग आकडा. अँटी-टीपीओच्या बाबतीत हे फार महत्त्वाचं आहे, कारण प्रत्येक कंपनीच्या किटची मर्यादा वेगळी. रोशच्या किटवर ३४ पर्यंत निगेटिव्ह, अॅबटच्या आर्किटेक्टवर ५.६१ पर्यंत, बेकमन कूल्टरवर ९ पर्यंत, सीमेन्सच्या सेंटॉरवर ६० पर्यंत. एकाच रक्ताचा आकडा चार ठिकाणी चार येणार. त्यामुळे गेल्या वर्षी एका लॅबमध्ये २५ होता, यंदा दुसरीकडे ४० आला, म्हणून ‘वाढला’ असं म्हणता येत नाही. दोन्ही रिपोर्ट बरोबर असू शकतात. पुन्हा करायचीच वेळ आली तर त्याच लॅबमध्ये, त्याच पद्धतीने.

काही रिपोर्टवर आकड्याऐवजी ‘६०० पेक्षा जास्त’, ‘१००० पेक्षा जास्त’ किंवा ‘१३०० पेक्षा जास्त’ असं छापून येतं. लोक इथे सगळ्यांत जास्त हादरतात. ती मशीनची मोजण्याची शेवटची रेघ आहे, तुमच्या आजाराची पातळी नव्हे. १३०० वाल्याला ३०० वाल्यापेक्षा चौपट आजार असतो, असं काही नाही. डॉक्टर ‘आहे’ की ‘नाही’ एवढंच बघून पुढे टीएसएचकडे वळतात, ते याचमुळे.

आता टीएसएच, फ्री टी-४ आणि अँटी-टीपीओ या तिन्ही ओळी एकत्र वाचा. टीएसएच मेंदूच्या तळाशी असलेल्या पिट्युटरी ग्रंथीतून येतो, थायरॉइडमागे लावलेला तगादाच तो. थायरॉइड ऐकेनाशी झाली की तगादा वाढतो, जास्तच काम करायला लागली की तो थांबतो. बहुतेक लॅबमध्ये प्रौढांची मर्यादा साधारण ०.४ ते ४.५ असते.

समजा रिपोर्ट असा आहे: टीएसएच ७.२, फ्री टी-४ १.१ म्हणजे मर्यादेत, अँटी-टीपीओ ४१२. थायरॉइड थकायला लागली आहे, अजून भागवून नेते आहे, आणि कारण बहुधा हाशिमोटो. बहुतेक डॉक्टर गोळीचा निर्णय घेण्याआधी दोन-तीन महिन्यांनी टीएसएच पुन्हा करायला सांगतात, कारण अशी वाढ काही जणांत आपसूक खाली येते. पुन्हा करायचा तो टीएसएच. अँटी-टीपीओ नाही.

टीएसएच १० च्या वर आणि फ्री टी-४ खाली, तर गोळी लागणारच, मग अँटिबॉडी असो वा नसो. हाशिमोटो असूनही अँटिबॉडी निगेटिव्ह येणारे थोडे रुग्ण असतातच.

टीएसएच नॉर्मल आणि अँटी-टीपीओ पॉझिटिव्ह, हा प्रकार काउंटरवर सगळ्यांत जास्त प्रश्न घेऊन येतो. ‘म्हणजे मला थायरॉइड आहे का?’ आज नाही. पुढे होईल का? इंग्लंडमधल्या व्हिकम इथल्या लोकांवर २० वर्षं लक्ष ठेवून केलेल्या पाहणीत दिसलं की नुसत्या अँटिबॉडी असलेल्या स्त्रियांपैकी वर्षाला सुमारे २ टक्के हायपोथायरॉइड झाल्या, आणि अँटिबॉडी असून टीएसएचही वाढलेला अशांपैकी वर्षाला सुमारे ४ टक्के. म्हणजे धोका आहे, पण तो सावकाश चालतो. वर्षातून एकदा टीएसएच, आणि मधेच थकवा, बद्धकोष्ठ, थंडी सहन न होणं, पाळी अंगावरून जास्त जाणं असं काही सुरू झालं तर लवकर. एवढं पुरे.

टीएसएच अगदी खाली, ०.०१ सारखा, आणि फ्री टी-४ वर, तर प्रश्न वेगळा होतो. हा ग्रेव्हज आहे, की सूज येऊन ग्रंथीतला साठलेला हार्मोन नुसता गळून बाहेर पडतोय? पहिल्याला कार्बिमाझोलसारखी औषधं लागतात, दुसरा बरेचदा आपणहून शांत होतो. या दोघांत निवाडा करायला टीआरएबी. इथे अँटी-टीपीओ कामाची नाही, कारण ती ग्रेव्हजच्याही अनेक रुग्णांत पॉझिटिव्ह असते. ‘अँटी-टीपीओ पॉझिटिव्ह म्हणजे हाशिमोटोच’ हे समीकरण इथेच फसतं.

टीआरएबी मात्र पुन्हा पुन्हा करावी लागते

अँटी-टीपीओ एकदा पुरे, असं वर म्हटलं. टीआरएबीला तो नियम लागू नाही. ग्रेव्हजची औषधं साधारण १२ ते १८ महिने चालतात आणि बंद करण्याआधी टीआरएबी बघतात. अजून जास्त असेल तर औषध थांबवल्यावर आजार उलटण्याची शक्यता मोठी, म्हणून डॉक्टर औषध लांबवतात किंवा आयोडीनचा किरणोत्सारी उपचार, शस्त्रक्रिया असे पर्याय मांडतात. इथे आकड्याला खरंच अर्थ आहे.

ज्या स्त्रियांना ग्रेव्हज आहे किंवा पूर्वी होता, त्यांनी गरोदरपणी ही चाचणी टाळू नये. ‘माझी थायरॉइड तर काढून टाकली आहे, आता काय?’ असं वाटतं, पण ग्रंथी गेली तरी अँटिबॉडी रक्तात राहू शकते आणि वारेतून बाळापर्यंत जाते. म्हणून ती सुरुवातीला मोजतात, आणि वाढलेली असेल तर १८ ते २२ आठवड्यांच्या सुमारास पुन्हा. मर्यादेच्या तिपटीहून जास्त असेल तर बाळाच्या हृदयाचे ठोके आणि वाढ यांवर डॉक्टर बारीक नजर ठेवतात. पहिल्याच भेटीत स्त्रीरोगतज्ज्ञांना ‘मला पूर्वी ग्रेव्हज होता’ हे आपणहून सांगा. आजच्या टीएसएचच्या रिपोर्टवरून ते त्यांना कळणार नाही.

गरोदरपण आणि बाळंतपण: अँटी-टीपीओ पॉझिटिव्ह असेल तर

गरोदरपणात थायरॉइडवर कामाचा बोजा वाढतो. अँटिबॉडी असलेली ग्रंथी तो पेलताना मागे पडू शकते. म्हणून अशा स्त्रियांचा टीएसएच दिवस गेल्याचं कळताच आणि मग अर्ध्या गरोदरपणापर्यंत साधारण दर चार आठवड्यांनी बघतात.

टीएसएच नॉर्मल असताना नुसत्या अँटिबॉडीसाठी गोळी घ्यावी का? गर्भपाताच्या भीतीने बऱ्याच जणींना ती दिली जायची. ब्रिटनमध्ये यावर मोठी चाचणी झाली, २०१९ मध्ये तिचे निष्कर्ष आले. ९५२ स्त्रियांपैकी निम्म्यांना ५० मायक्रोग्रॅम थायरॉक्सिन, निम्म्यांना औषध नसलेली गोळी. दोन्ही गटांत बाळ सुखरूप होण्याचं प्रमाण जवळपास सारखंच, ३७ टक्क्यांच्या थोडं वर. टीएसएच वाढलेला असेल तर गोष्ट निराळी, तिथे गोळी हवीच. तुमचं काय, हे तुमच्या डॉक्टरांनी ठरवायचं.

बाळंतपणानंतर मात्र डोळे उघडे ठेवा. गरोदरपणाच्या सुरुवातीला अँटी-टीपीओ पॉझिटिव्ह असलेल्यांपैकी एक तृतीयांश ते निम्म्या जणींना पहिल्या वर्षात थायरॉइडचा त्रास होतो. आधी काही आठवडे धडधड आणि चिडचिड, मग थकवा, सुस्ती, उदास वाटणं. घरचे म्हणतात, बाळ झोपू देत नाही ना, म्हणून. असेलही. पण एक टीएसएच करून घ्यायला काय हरकत आहे?

पायरी ७: रिपोर्ट आल्यावर काय करायचं नाही

अँटिबॉडीचा आकडा उतरवण्याच्या मागे लागू नका. सेलेनियमच्या गोळ्यांनी काही अभ्यासांत आकडा उतरलेला दिसतो, पण त्यामुळे माणसाला बरं वाटलं किंवा गोळी सुटली, असं ठामपणे दाखवता आलेलं नाही. शिवाय सेलेनियम जास्त झालं तर केस आणि नखं जातात, म्हणजे पुन्हा बायोटिनकडे वळलात! गहू सोडण्याचंही तसंच. सीलिअॅक (गव्हातल्या ग्लूटेनने आतड्याला इजा होते तो) आजार असेल तर गहू सोडायलाच हवा, आणि तो थायरॉइडवाल्यांत थोडा जास्त आढळतो. पण मग आधी त्याची चाचणी करा. गहू सोडल्यावर ती चाचणी खोटी निगेटिव्ह येऊ शकते, त्यामुळे क्रम उलटा करू नका.

समुद्री शेवाळाच्या गोळ्या, आयोडीनचे थेंब असलं काही घेऊ नका. हाशिमोटोच्या ग्रंथीला जादा आयोडीन सोसत नाही, ती आणखी मंदावू शकते. दुसऱ्या टोकाला जाऊन आयोडीनयुक्त मीठ बंद करून सैंधवावर येणारेही भेटतात. स्वयंपाकातल्या मिठाने बिघडत नाही. घरात लहान मुलं किंवा गरोदर बाई असेल तर ते मीठ मुळीच बदलू नका.

गळ्यातली सूज झपाट्याने वाढत असेल, आवाज बसला असेल, गिळायला किंवा श्वास घ्यायला त्रास होत असेल, तर अँटिबॉडीच्या रिपोर्टची वाट न बघता डॉक्टरांना गळा दाखवा. तिथे सोनोग्राफी लागेल. गाठ हाताला लागत नसताना ‘अँटिबॉडी आहेत म्हणून’ सोनोग्राफी करून घेण्याची मात्र सहसा गरज नसते.

घरच्यांची सरसकट अँटिबॉडी तपासणीही नको. आजार घराण्यात चालतो हे खरं. बहिणीला, मुलीला त्रास जाणवत असेल किंवा दिवस राहण्याचा विचार असेल तर त्यांचा टीएसएच करा, तोच पुरेसा बोलतो.

राहता राहिली फाइल. अँटी-टीपीओचा रिपोर्ट थायरॉइडच्या कागदांत सगळ्यांत खाली लावा आणि त्याचा मोबाइलवर फोटो काढून ठेवा. लॅब बदलली, डॉक्टर बदलले, गाव बदललं, की पहिल्याच भेटीत नवे डॉक्टर विचारतात, ‘अँटिबॉडी कधी केल्या होत्या का?’ तो फोटो दाखवलात की पुन्हा सुई टोचून घ्यावी लागत नाही. वरच्या बाजूला दर वेळचा टीएसएच, तारीख आणि त्या वेळचा गोळीचा डोस असा एक कागद स्वतः लिहून ठेवा. डोस बदलला असेल तर पुढचा टीएसएच सहा ते आठ आठवड्यांनी, त्याआधी केलेला आकडा अजून स्थिरावलेला नसतो. ती तारीख आजच कॅलेंडरवर लिहून टाका.